कोडैकानलात कुठे जेवावे

कोडैकानलला निघायचा दिवस शुक्रवार ठरला, तेव्हा प्रद्युम्नच्या आईने चेन्नईहून फोन करून शुक्रवार नापास केला. बुधवार सकाळ चांगली होती. पण बुधवारी प्रद्युम्नला बँकेतून रजा नव्हती, म्हणून तोडगा निघाला तो घरातला जुनाच: प्रस्थान ठेवायचे. चांगल्या वेळेला पिशवी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, की प्रवास सुरू झाला असे धरतात. माणूस मग सवडीने मागून जातो. नियम एकच, पिशवी घराबाहेर पडली की प्रवास केल्याशिवाय माघारी आणायची नाही.

बुधवारी सकाळी प्रद्युम्नने स्वेटर, कानटोपी आणि टूथब्रश भरलेली पिशवी शेजारच्या वेंकूबाईंच्या ओसरीवर नेऊन ठेवली. वेंकूबाईंना तंजावुरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत सगळे अक्का म्हणत. अक्कांनी पिशवीला हळदकुंकू लावले, प्रद्युम्नला लावले आणि चुकून दुधाच्या पाकिटालाही लावले.

गुरुवारी, सोबत येणाऱ्या तिघा मित्रांपैकी गणेशकुमारच्या सासऱ्यांचा गुडघा दुखायला लागला. संध्याकाळी भरद्वाजची रजा नामंजूर झाली. श्रीकरने काहीच कारण दिले नाही, तो नुसताच ग्रुपमधून बाहेर पडला. 'कोडै गँग' या ग्रुपमध्ये आता गँग म्हणून प्रद्युम्न होता. त्याने तिथे एक अंगठा टाकला. तो कोणी पाहिला नाही.

खरी पंचाईत आईची होती. धाकटी बहीण दिव्यश्री बाळंत झाल्यापासून आई तिच्याकडे चेन्नईला होती. आई परतली तर दिव्यश्रीची नोकरी जाणार होती, कारण बाळाला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. आणि आई दर महिन्याला परतायला निघत होती. "तिकडे पोरगं एकटं भिंतीशी बोलतंय," असे तिचे म्हणणे. त्यात तथ्य होते, पण भिंतीने कधी तक्रार केली नव्हती. चौघे मित्र डोंगरावर निघालेत हे कळल्यावर मात्र आईने भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली होती.

तेव्हा प्रद्युम्न कोडैकानलला गेला. म्हणजे शुक्रवारी त्याने पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातले, चपला वाजवत गल्लीच्या टोकापर्यंत गेला, मागच्या बोळातून वळसा घेतला आणि मागच्या दाराने घरात येऊन बसला.

दुपारी आईचा आवाजी निरोप आला. "पोहोचलात? कोठे जेवलात?"

आईचे प्रश्न नेहमी जेवणाचेच असत. प्रद्युम्नने पंखा बंद केला, कारण डोंगरावर पंखे नसतात, आणि डोक्यावर चादर घेऊन उत्तर दिले. "शेवटच्या वळणावर एक हॉटेल आहे, आई. मशरूमचं सूप. वर मिरपूड. खिडकीतून ढग आत येतात, वेटर त्यांना फडक्यानं बाहेर घालवतो."

मग त्याने कालचा उपमा खाल्ला.

पुढे त्याला हात बसला. तळ्याकाठी मक्याचे कणीस कोणाकडे घ्यावे, गाजराचा केक कुठला, चहा कुठे पाणचट असतो, सगळे तो सांगू लागला. एका हॉटेलाला त्याने चांगले म्हटले नाही. तिथल्या वेटरने चौघांपैकी एकाच माणसापुढे पाणी ठेवले होते. "बाकीचे आहेत म्हणून सांगितलं, तरी एकच ग्लास!" हे सांगताना त्याला त्या वेटरचा खरोखरच राग आला. रात्री तो त्याच्यावर कुढत झोपला. दुसऱ्या दिवशी मालकाने माफी मागून चौघांना फुकट सूप पाजले, तेव्हा कुठे त्याला बरे वाटले.

रविवारी दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. प्रद्युम्न श्वास रोखून बसला.

"प्रद्युम्ना," बाहेरून अक्कांचा आवाज आला, "तू डोंगरावर आहेस हे मला ठाऊक आहे. दार उघड."

त्याने दार उघडले. अक्का उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"तुझी पिशवी माझ्या ओसरीवर आहे. स्वेटर पिशवीत आहे. मग तिकडं थंडीत काय अंगाला उपमा फासतोस? वास येतो बोळात."

पिशवी. घर, कुलूप, पंखा, चादर, सगळ्याचा विचार करणारा प्रद्युम्न पिशवी विसरला होता.

"आईला सांगितलंत?"

"सांगितलं की. शुक्रवारीच फोन आला होता तिचा. म्हटलं, चौघे गाडीत बसून गेले, मी डोळ्यांनी पाहिलं. एक दाढीवाला होता, फार गुणी दिसला, माझ्या पाया पडला."

"आमच्यात दाढीवाला कोणी नाही, अक्का."

"आता आहे. तुझ्या आईला तो पसंत पडलाय. नोकरी कोठे म्हणून विचारत होती, मी वीज मंडळात सांगितलं."

प्रद्युम्नने दार आणखी थोडे उघडले.

"आणि आज चार वाजता ती तुला व्हिडिओवर बघणार आहे. मला म्हणाली, त्याला सांगू नका, अचानक करते. चल माझ्याकडं."

"पिशवी इकडेच आणा ना."

"अय्यो! गेलेली पिशवी माघारी? माझ्या हातून असला अपशकुन व्हायचा नाही. पिशवी आहे तिथं तू ये. तेवढाच तुझा प्रवास."

अशा रीतीने प्रद्युम्नचा प्रवास झाला. बोळ ओलांडून.

मे महिन्यातल्या तंजावुरात, चारच्या उन्हात, तो स्वेटर आणि कानटोपी घालून अक्कांच्या गच्चीवर बसला. मागे मोठ्या देवळाचे शिखर दिसत होते. ते कोडैकानलात नसल्याने अक्कांनी दोरीवर चादर वाळत घातली. धुक्याची सोय कुकरची होती. स्टोव्हवर कुकर ठेवून, शिटी काढून, अक्का कॅमेऱ्याच्या बाहेर दबा धरून बसल्या. बसण्याआधी त्यांनी त्याच्या हातात पितळी पेल्यातून वाफाळती कॉफी दिली. "हॉटेलात बसलास तर हातात काही पाहिजे."

फोन वाजला.

"अय्या, किती धुकं रे!" आई म्हणाली. तिच्या खांद्यावर बाळ झोपले होते. "बाकीचे कोठे?"

"घोड्यावर बसायला गेलेत."

"दाढीवालाही?"

"तोच पुढे."

"काय पितोस?"

"हॉट चॉकलेट. इथली खासियत." प्रद्युम्नने चांगला लांब घोट घेतला. घाम कानटोपीतून निघून नाकावर आला होता.

आई पडद्याजवळ आली, इतकी की तिचा एकच डोळा दिसू लागला.

"पेल्यावर नाव आहे बघ," ती म्हणाली. "हॉटेलवाल्याचं का?"

प्रद्युम्नने पेला फिरवला. त्या गल्लीतल्या सगळ्या भांड्यांवर असते तसे पेल्यावर तमिळ अक्षरांत ठोक्याठोक्यांनी नाव घातलेले होते. सूर्यनारायण. अक्कांचे यजमान. त्यांना जाऊन सात वर्षे झाली होती.

वाफ सोडत कुकर खदखदला. अक्कांनी तोंडाला पदर लावला.

"हो," प्रद्युम्न म्हणाला. "जुनं हॉटेल आहे."

"फार जुनं," आई म्हणाली. "मी ओळखत होते त्यांना. भला माणूस. कॉफी मात्र बायकोच करायची."

चेन्नईत बाळाने उचकी दिली.

"येऊ का मी?" आईने विचारले. हळूच, दिव्यश्रीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

तीन दिवसांत प्रद्युम्नने कित्येक हॉटेले उभारली होती, पण आता त्याने नुसती कानटोपी खाली ओढली. दिव्यश्री पलीकडे कोणाशी तरी ऑफिसचे बोलत होती, ते ऐकू येत होते. हो म्हटले असते तर आई उद्याच्या गाडीने आली असती.

"नको," तो म्हणाला. "आम्ही चौघे आहोत की."

"सरी, बरं. चौघे आहात तर नको." तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतले. "राहा मग अजून दोन दिवस. हवा चांगली आहे. आणि त्या हॉटेलातच जेवत जा, दुसरीकडं जाऊ नको. मालकिणीलाही बरं वाटेल, गिऱ्हाईक नसतं तिला."

फोन बंद झाला.

अक्कांनी स्टोव्ह विझवला. कुकरमधल्या भाताची पेज झाली होती. त्यांनी ती दोन ताटांत वाढली, वर ताक ओतले, लिंबाच्या लोणच्याची एकेक फोड ठेवली. मग जरा थांबून पाण्याचे पेले मांडले. चार.

"बाकीचे येतील घोड्यावरून," त्या म्हणाल्या.

प्रद्युम्न जेवू लागला. खाली बोळापलीकडे त्याच्या घराला बाहेरून कुलूप होते. अक्कांनी त्याला स्वेटर काढ म्हणून दोनदा सांगितले. त्याने काढला नाही.