तीन फुटांची रांग

तिखी ही कुत्री मिरचीच्या रंगाची. वडनेरच्या उकिरड्यावर सापडलेली. एक कान उभा, एक पडलेला. एसटीत कुत्रं चढू देत नाहीत, म्हणून पौर्णिमा, तिचे वडील नाना आणि तिखी कापसाच्या गाडीत बसून वर्ध्याला आले. मैदानात उतरले तेव्हा तिघांच्याही अंगावर कापूस होता.

"ताई, कापसाचा बाजार तिकडं हाये," गजेंद्र म्हणाला. कापडदुकानाचा मालक, हातात परदेशी कुत्र्याचा पट्टा. "इथं कुत्र्याईची शर्यत हाये."

"मंग मी काय बकरी आणली का, भाऊ?"

शर्यत अडथळ्यांची. उड्या, बोगदा, उतरती फळी, मग बारा काठ्यांची रांग. तिच्यातून कुत्र्यानं नागमोडी निघायचं, आणि शेवटी एक उडी. वेळ दोन मिनिटं. हे सगळं पौर्णिमा मोबाइलवर बघून शिकली होती. अंगणवाडीतलं काम आटोपून घरी आली की तिखीला घेऊन परसात. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची उडी, सिमेंटच्या पाइपाचा बोगदा. अशी दोन वर्षं.

नाव नोंदवताना पंच इलामॅडम स्पष्ट बोलल्या होत्या, "गावठी कुत्री मध्येच सोडून पळतात. ही पळाली, तर पुढच्या वर्षीपासून फक्त जातिवंत घेऊ."

शर्यतीआधी कुत्र्याशिवाय मैदान फिरून बघू देतात. पौर्णिमा फिरली आणि काठ्यांपाशी तिचा पाय अडला. तिनं वाकून वितीनं मोजलं. दोन काठ्यांमध्ये दोन फूट. घरी तीन होते.

घरच्या काठ्या नानांनी रोवल्या होत्या. सारख्या अंतरावर कपाशीचं बी डोबायची गाठींची दोरी अंथरली आणि गाठीगाठीवर एकेक काठी. "इतक्या दूर काऊन, नाना?" तिनं विचारलं होतं. "कपाशीले पुरते ते जागा कुत्रीले नाई पुरत का?" नाना म्हणाले होते. मोबाइलवर फूट दिसत नाहीत. तिलाही ते पटलं होतं.

आता नाना मैदानाभोवतीच्या दोराबाहेर उभे होते, टोपी हातात. "मायंच चुकलं वं पोरी. चाल, घरी जाऊ."

"कायले जाऊ? कापूस उतरला, मी बी उतरली."

तिखीला ही रांग तिनं गाण्यावर शिकवली होती. एकेका काठीला एकेक ओळ.

*इकून ये वं तिखे,*
*तिकून जाय वं,*
*वाकड्या वाटेले*
*सरळ पाय वं.*

ही चाल तीन फुटांची. लिंबाखाली बसून तिनं ती आखूड केली. मांडीवर हात वाजवत, फुगडीच्या ठेक्यात: इकून-तिकून, इकून-तिकून. तिखी मान वाकडी करून ऐकत राहिली.

नाव पुकारलं. उड्या झाल्या, बोगदा झाला, फळीवरून तिखी वाऱ्यासारखी उतरली. काठ्या आल्या. तिसऱ्या काठीला ती बाहेर.

चुकलं की पुन्हा पहिल्या काठीपासून. पौर्णिमानं तिला मागं आणलं. इकून-तिकून. सहाव्या काठीला पुन्हा बाहेर.

"कापूस येचून राह्यली का वं?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. इलामॅडमनी शिटी वाजवली.

"वेळ संपली. कुत्री बाहेर घ्या."

पौर्णिमानं मागं वळूनही पाहिलं नाही. तिखीला पहिल्या काठीशी आणलं, गुडघ्यावर बसून तिच्या पडलेल्या कानात ठेका धरला आणि मग टाळी वाजवत निघाली. पुन्हा शिटी. टाळी थांबली नाही. चार. सात. नवव्या काठीला तिखी अडखळली, अंग आखडून घेतलं, वळली. दहा. अकरा. बारा! आणि शेवटची उडी, गरजेपेक्षा हातभर उंच.

टेबलाशी इलामॅडम उभ्याच होत्या. "तुम्ही बाद आहात. शिटी ऐकली नाही?"

"आयकली. तिनंई आयकली. पण मधात सोडून पळाली का?"

मॅडमनी पेन उचललं.

"बाद लिहा, मॅडम. अन् पुढच्या वर्षीचं नावही लिहा."

"ती यादी अजून सुरू झालेली नाही."

"मंग आमच्यापासून करा."

ती टेबलापासून हलली नाही. मागं रांग लागली. गजेंद्रचं कुत्रं भुंकलं. तिखीनं जांभई दिली. पौर्णिमाच्या बाहीवरचा कापूस वहीवर पडला. मॅडमनी तो फुंकून उडवला, कोरं पान काढलं.

"कुत्र्याची जात?"

"गावठी. मोठ्या अक्षरात लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना परसात काठ्या उपटायला गेले, तर पौर्णिमानं हात धरला.

"राहू द्या, नाना. नवीन कुत्रे पयले तीन फुटातच शिकतीन. दोनाची बाजूले रोवू."

"नवीन? कोणाचे?"

"येतीन गावातले." तिनं दोरी त्यांच्या हातात दिली. "तुमी दोन-दोन फुटावर गाठी मारा."