जमीन की समुद्र?

समुद्राला भिंत घालणाऱ्या साहेबांनो, तुम्ही चोरी केलीत. कशी, ते मी सांगते. मी दक्षिण जोल्ला प्रांतातली एक जुनी चिखलफळी आहे, चिखलावरून घसरत जायची लाकडी फळी.

मित्रांनो, आमचा प्रांत भाताचा. परक्यांचं राज्य होतं तेव्हा इथला तांदूळ जहाजं भरभरून बाहेर जायचा आणि पिकवणारे जवाची पेज प्यायचे. पण चिखल कुणाला नेता आला नाही. ओहोटी लागली की काळाभोर, लोण्यासारखा चिखल दूरवर उघडा पडायचा. त्यात शिंपल्या. माणूस कमरेपर्यंत रुतायचा, म्हणून मी जन्मले. शिंपल्या वेचायला जाणाऱ्या सुनेसाठी, ओकसिमसाठी, सासऱ्याने फळी भिजवली, शेकली, तिचं नाक वर वळवलं. ओकसिम एक गुडघा माझ्यावर टेकायची, दुसऱ्या पायाने चिखल रेटायची, आणि मी सुसाट!

मागून तिची धाकटी जाऊ माल्सुन ओरडायची, "जाऊबाई, हळू! शिंपल्या काय नवरे आहेत, पळून जायला?"

"नवरा पळाला तर पळू दे गं! शिंपली पळाली तर चूल विझेल!"

मग ओकसिम म्हातारी झाल्यावर, समुद्र अडवून भातजमीन करायच्या भिंतीची मोजणी करायला साहेब आला. शेत जाणाऱ्याला नवं शेत मिळणार होतं, समुद्र जाणाऱ्याला भरपाई. त्याने विचारलं, "आजी, तुमची ही जागा जमीन की समुद्र?"

"कुठल्या वेळी?" ओकसिम म्हणाली.

"थट्टा करता?"

"थट्टा कसली रे बाबा? भरतीला समुद्र, ओहोटीला शेत."

ही चूक चिखलातलं माणूसच करणार. एक काहीतरी सांगायचं होतं. साहेबाने दोन्ही खोडलं. तिला शेतही नाही, भरपाईही नाही.

भिंत झाली. भरतीची वाट बघत शिंपल्या आ वासून मेल्या. मला तुम्ही संग्रहालयात दिव्याखाली टांगलंत, तेल लावता, 'वारसा' म्हणता. समोर नकाशा आहे, त्यात नव्या जमिनीने प्रांत फुगलाय. पण ओहोटीची वेळ झाली की माझं नाक अजून ओढ घेतं. खिळे कुरकुरतात.

काल ओकसिम आली. तिने माझ्यावरच्या खळग्यात हात ठेवला.

"आजी, हात लावू नका," रखवालदार म्हणाला.

"मेल्या, हा खळगा माझ्या गुडघ्याचा आहे!"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी म्हणणार नाही. मला जपलंय, चिखल मारलाय. भिंतीआड आज ना पाणी येतं, ना भात उगवतो. नुसतं मीठ उडतं. तर साहेब, तुमचाच प्रश्न तुम्हाला: ते आता काय आहे? जमीन की समुद्र? ओकसिम आज पुन्हा दारात उभी आहे. उत्तर द्या.