वरच्या आळीची आजी

ज्या दिवशी आमच्या लोकांनी वरच्या आळीची आजी खांद्यावरून खाली आणली, त्याच दिवशी माझ्या नवऱ्यालाही आणलं. आजी मेली त्याला किती पिढ्या झाल्या ते कोणालाच ठाऊक नाही. उर्को मात्र सकाळी भाजलेला मका खाऊन, मला 'संध्याकाळी बटाटे जरा जास्त टाक' असं सांगून गेला होता. दोघांना माझ्या अंगणात शेजारी शेजारी ठेवलं. ती गुडघे छातीशी घेऊन, जुन्या वस्त्रांत गुंडाळून बसलेली. तो कपाळ फुटून आडवा पडलेला.

भांडण पाण्याचं होतं. डोंगरावरच्या बर्फाचं पाणी पाटातून येतं, आधी वरच्या आळीला, मग आमच्या खालच्या आळीला. ते दर वर्षी पाट अडवतात, आणि का अडवता विचारलं तर म्हणतात, आम्ही वर आहोत म्हणून. त्या वर्षी आमचा मका हातभर वाढून करपला. तेव्हा माझा दीर अस्तो, आमच्या आळीचा मुखिया, म्हणाला की त्यांची थोरली आजीच गुहेतून उचलून आणू, मग येतील नाक घासत. वरची सगळी आळी त्या एका म्हातारीच्या पोटची. ती नसली की पेरणीच्या दिवशी मानाच्या जागी कोणाला बसवणार आणि पहिला घोट कोणाला पाजणार?

आजी हाती लागली, पण परतताना पाटाच्या तोंडाशी वरून गोफणी सुटल्या. मी मागून दारूचा घडा घेऊन निघाले होते, म्हणून मला सगळं दिसलं. काळ्या खडकावर वरच्या आळीचा पोमा उभा होता. त्याची गोफण फिरली आणि उर्को खाली बसला. मला वाटलं, दमला असेल.

पोमा म्हणाला, दगड माझा नाही. तेव्हा पंधरा-वीस गोफणी फिरत होत्या, त्यातली नेमकी माझीच कशावरून? आमच्याकडे असं असतं, की खुनाचा आळ नाकारायचा तर आपल्या कुळाच्या मूळ पूर्वजाच्या गुडघ्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. शपथ घेतली की माणूस सुटला. नाही घेता आली तर कडेलोट. आता सख्खी आजी का नातवाला दरीत ढकलणार आहे? पोमा हात ठेवणार, खोटं बोलणार आणि घरी जाऊन जेवणार, हे मला त्याच दिवशी अंगणात कळलं.

उर्कोला गुहेत बसवून आल्यावर आमची माणसं पेटली होती. अस्तो म्हणाला, "जाळून टाका थेरडीला. वरच्यांचं नाव राहायला नको."

"भावजी, ती मला द्या," मी म्हणाले.

"तुला? तू काय करणार तिचं?"

"जेवू घालणार."

अस्तोच्या बायकोने मला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, दुःखाने असं होतं गं, दोन दिवस झोप. मी शुद्धीवर होते. इतकी शुद्धीवर मी आयुष्यात कधी नव्हते.

मेलेलं माणूस कोणाचं, तर जो त्याला जेवू घालतो आणि अंगावर वस्त्र घालतो त्याचं. पुढची पेरणी येईपर्यंत ज्याच्या हातचं खाल्लं त्याचं ते झालं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण शत्रूच्या आजीला वर्षभर पोसायचं कोणाच्या मनात येत नाही, कारण माणसाला राग आला की आधी पेटवायचं सुचतं. मला पोसायचं सुचलं. आजी आमची झाली की पोमा शपथ घेणार कोणाच्या गुडघ्यावर?

मी तिला माझ्या चुलीमागे बसवलं. रोज सकाळी तिच्यापुढे मक्याच्या कण्या घालायची, संध्याकाळी बटाट्याचा रस्सा, सणाला आमच्या लोकरीच्या जनावराचं, लामाचं, सुकं मांस. तिचा वाटा विस्तवावर जाळायचा, म्हणजे तिला पोचतो. आणि रोज शिव्या द्यायची. "गिळ. गिळ, खुन्याचे आजी. माझा नवरा खाल्लास, आता माझा मका खा." तिच्या डोक्यावर चार केस होते, ते तेल लावून विंचरायची आणि म्हणायची, "तुझ्या नातवाची हाडं दरीत कोल्हे ओढतील तेव्हा तुला नटवून बघायला नेते." बायका म्हणायच्या, रावा स्वतःपेक्षा त्या मढ्याला जास्त खाऊ घालते. खरंच होतं ते. त्या दुष्काळाच्या वर्षी मी सुकवलेल्या बटाट्यांवर दिवस काढले आणि मका तिला दिला.

उर्कोच्या लामांची लोकर होती. ती त्याच्यासाठी ठेवली होती. तिचं मी आजीला वस्त्र विणायला घेतलं.

थंडी सरत आली तेव्हा तोक्तो आली. तोक्तो म्हणजे पोमाची मोठी बहीण. वरच्या आळीच्या पूर्वजांचं खाणंपिणं तीच बघते. दोन आळ्यांमध्ये दगडांचा बांध आहे, त्याच्या पलीकडे ती गाडगं घेऊन उभी राहिली. गोरीगोमटी, शांत, आवाज असा की दगडालाही पाझर फुटावा. मला तिचा फार पूर्वीपासून संताप येतो.

"रावे, हे एवढं आजीला दे. किन्वाची पेज आहे."

"तिचं पोट भरलंय."

"तिला मऊच लागतं. दातांचा त्रास आहे तिला."

"दात दोन आहेत तिला."

"म्हणूनच म्हणते ना. तू काय घालतेस?"

"तुझा भाऊ काय खातो त्यापेक्षा चांगलं. तिला आता माझ्या हातची सवय लागलीय."

"मेलेल्यांची चव बदलत नाही, रावे."

"थांब हं, उर्कोला विचारून सांगते," मी म्हणाले.

मग तिची नजर माझ्या खांद्यावरून अंगणात गेली. तिथे माग लावलेला होता, आणि मागावरचं वस्त्र जिवंत माणसाच्या मापाचं नव्हतं. ती बराच वेळ बघत होती. तिने गाडगं वाकडं केलं आणि पेज आमच्या बाजूच्या दगडांवर ओतली, म्हणजे निदान वास तरी आजीपर्यंत जावा. मी तिच्यासमोर त्यावर पायाने माती लोटली.

"तुला काय हवंय ते कळलं मला," ती म्हणाली.

"बरं झालं. आता घरी जाऊन भावाला नीट जेवू घाल. राहिलेत किती दिवस?"

पेरणीच्या तोंडावर राजाच्या कुस्को नगराहून न्याय करायला माणूस आला. कानांत सोन्याच्या चकत्या घालून पाळ्या खांद्यापर्यंत लोंबलेल्या, म्हणून आमच्याकडे अशांना लांबकाने म्हणतात, अर्थात पाठीमागे. तो गावाच्या मधल्या चौकात बुटक्या चौरंगावर बसला. एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि मधे मी आणून बसवलेली आजी. नवं वस्त्र, लाल काठ, केस विंचरलेले. वरच्या आळीच्या म्हाताऱ्या तिला बघून रडायला लागल्या. मला बरं वाटलं.

लांबकान्याने पोमाला विचारलं, "दगड तुझा?"

"नाही, धनी. आजीच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगतो."

तो पुढे आला, हात पुढे केला. मी म्हणाले, "माझ्या आजीला शिवायचं नाही."

चौकात कोणी तरी हसलं. लांबकान्याने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, ही तुझी आजी कधीपासून? मी सगळं सांगितलं. जेवण सांगितलं, सण सांगितले, वस्त्र दाखवलं. आमच्या आळीने साक्ष दिली. वर्षभर मला वेडी म्हणणाऱ्या बायका पुढे होऊन सांगत होत्या की आम्ही रोज धूर बघायचो. मग त्याने तोक्तोला विचारलं, "तुम्ही हिला वर्षभरात काय दिलंत?"

"काही नाही, धनी. देऊ दिलं नाही."

"का दिलं नाही ते विचारत नाही. दिलंत का?"

"नाही."

त्याने चघळायची कोकाची पानं गालात सरकवली. "मग आजी हिची. खालच्या आळीची. या माणसाला शपथेला पूर्वज नाही."

पोमाचा चेहरा मातीसारखा झाला. मी बघत होते. ज्या क्षणासाठी मी स्वतः उपाशी राहून मढं पोसलं तो क्षण समोर उभा होता, आणि मला वाटलं, आता उर्कोला जाऊन सांगायचं.

तेव्हा तोक्तो उठली. आवाज तसाच शांत.

"मान्य आहे, धनी. आजी त्यांची. पण आम्ही सगळे हिच्या पोटचे, ते काही कोणी पुसू शकत नाही. आजी ज्या घरात गेली त्या घरात नातवंडंही गेली. आजपासून आम्ही खालच्या आळीचे. रावा माझी भावजय, उर्को माझ्या भावाचा भाऊ."

लांबकान्या तिच्याकडे बघत राहिला आणि मग मान हलवून हसला. मेल्याला मजा वाटली.

"बाई बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "आणि भावाने भावाला मारलं तर कडेलोट नसतो. एका घरातला एक मेला, त्याच घरातला दुसरा कशाला घालवायचा? मारणाऱ्याने मेलेल्याची जागा घ्यायची. त्याचं शेत करायचं, त्याच्या विधवेच्या घरात धान्य भरायचं, मरेपर्यंत."

"मला तो नको," मी म्हणाले. "मला तो दरीत हवाय."

"मग आजी परत देऊन टाक. ती त्यांची झाली की तो परका. पण मग तो शपथ घेईल आणि घरी जाईल. काय करतेस बोल."

मी अस्तोकडे वळले. "भावजी, तुमचा भाऊ होता."

अस्तो खाली बघत होता. "वहिनी, एक घर झालं तर पाट अडवणार कोण? पाणी मिळालं. आणखी काय हवं तुला?" मग थोडा वैतागून म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ. तूच ओढवून घेतलंस. मी जाळा म्हणत होतो."

माझ्या मागे सगळी आळी होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं. रडायचं नव्हे, पाटाचं. उर्को कोणाला आठवत नव्हता. त्या क्षणी मला पोमापेक्षा माझ्याच माणसांची जास्त किळस आली.

तोक्तो माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल मी चिडून आजी फेकून देईन. भाऊ शपथ घेईल, आजी गुहेत, सगळं पूर्वीसारखं.

"आजी माझीच," मी म्हणाले. "आणि तोही माझाच. उद्या उजाडताच शेतावर पाठव त्याला, वन्सं. उपाशी पाठव. आमच्याकडे आधी काम असतं."

तो आला. कुडाला टेकवलेला उर्कोचा नांगर त्याने न विचारता उचलला, तेव्हा मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा माझ्या हाताने दिला. आमच्याकडे नांगर पायाने दाबून जमिनीत घालतात. पुरुष नांगर घालून उलट्या पावलांनी मागे सरकतो, आणि बाई त्याच्यासमोर ओणवी होऊन त्याने उचकटलेलं ढेकूळ हाताने उलटं करते. एकट्याने ते काम होत नाही. नवराबायको करतात, नाहीतर बहीणभाऊ. सगळ्या डोंगरउतारावर जोड्या लागल्या होत्या, वरची आळी आणि खालची, आणि पाटाला पाणी होतं.

आम्ही ओळ धरली. तो दाबायचा, मी उलटायची. त्याचे पाय माझ्या हातांपासून वीतभर होते. त्याच्या घामाचा वास येत होता. अर्धी ओळ झाली.

"दगड तुझा होता ना?" मी वर न बघता विचारलं.

नांगर थांबला. आता शपथ नव्हती, कडा नव्हता, लांबकान्या नव्हता. आता खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं.

"हो, वहिनी."

वर्षभर मला वाटत होतं, हे त्याच्या तोंडून ऐकलं की माझ्या छातीतलं काही तरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. माझे हात मातीत होते, एवढंच.

"नेम धरून?"

"हो."

मी उकरलेली माती चाचपून बघितली. मनगटापर्यंतही खोल नव्हती.

"उर्को याच्यापेक्षा खोल घालायचा," मी म्हणाले. "मागे ये. पहिल्यापासून घाल."

तो ओळीच्या सुरुवातीला गेला आणि मी त्याच्यासमोर ओणवी झाले.