बावन्न पायऱ्या

खालून धापा टाकल्याचा आवाज आला, तसं भाऊंनी वहिनींना चाकांच्या खुर्चीसकट माझ्या घरात ढकललं.

"ताई, अर्धा तास. आणि तेवढं मशीन बंद ठेवा."

"ठेवते. पण ही सातवी खेप आहे, भाऊ. माझ्या गिऱ्हाइकांच्या कॉलरी तुमच्या घरापायी अडल्यात."

ते ऐकायला थांबलेच नाहीत. इस्त्रीचा शर्ट खोचत जाऊन स्वतःच्या दारात उभे राहिले.

आमची दारं समोरासमोर, मधे पाच पावलांचा चौक. तिसरा मजला, वर फक्त गच्ची. मी शिवणकाम करते. भाऊंनी पस्तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, वीस-वीस मजल्यांच्या. आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एकदा त्यांनी सगळ्यांना गोळा करून विषय काढला होता, तर तळमजल्यावाले म्हणाले, आम्हाला काय तिचं लोणचं घालायचंय? विषय तिथंच मिटला.

दीड वर्षापूर्वी वहिनींची डावी बाजू गेली. घरात भिंतीला बसवलेले दांडे धरून चार पावलं टाकतात, पण जिना कायमचा सुटला. आता गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या, पुढं हातभर अंगण. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढं नाही. महिनाअखेर परवा होती. तोवर कुणीतरी या घराला हो म्हणायला हवं होतं.

सुरुवातीला एक दलाल आला होता. 'पेशंटला दाखवू नका, घराचा दवाखाना वाटतो,' असं त्यानं वहिनींच्या देखत सांगितलं. भाऊंनी त्याला जिना दाखवला आणि स्वतःच पुठ्ठ्यावर लिहिलं, 'घर विकणे आहे. मालकाशी थेट बोला. दलाल नकोत.' पुठ्ठा फाटकाला टांगला. पण पहिल्याच गिऱ्हाइकातली बाई वहिनींकडे बघून नवऱ्याच्या कानाशी लागली, आणि दोघं पाणीसुद्धा न पिता निघून गेली. दुसऱ्या खेपेपासून वहिनींची रवानगी माझ्याकडे. दलाल गेला, सल्ला राहिला.

मला हे पटत नव्हतं. पण घर विकलंच जाऊ नये, हे दार कायम असंच समोर उघडं राहावं, असंही मला आतून वाटायचं. त्यामुळे काही बोलायची लाज वाटे.

वहिनी माझ्या मशीनजवळ कान देऊन बसल्या होत्या. दीड वर्षात जिना त्या उतरल्या नव्हत्या, पण त्यांनी ऐकला मात्र पुरा होता.

"तिघं आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "दोघं वर आली. तिसरं माणूस पस्तिसाव्या पायरीवर थांबलंय."

पस्तिसावी पायरी म्हणजे दुसऱ्या मजल्याचा चौक. तिथून पुढच्या सतरा पायऱ्यांना त्या माणसाला बराच वेळ लागला. मी पाण्याचे ग्लास घेऊन गेले, तेव्हा एक जाडसर म्हातारी उंबऱ्याशी गुडघा दाबत उभी होती. सोबत मुलगा आणि सून. मुलगा सांगत होता, "आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो ते संध्याकाळीच येतो. घरात दिवसभर आईच असणार."

भाऊ घर दाखवू लागले. आता त्यांचं घर दाखवणं म्हणजे मशीन उघडून दाखवणं. स्विचबोर्डाचं झाकण काढलं, वायरी दाखवल्या. मोरीचा नळ गळतो, हे कुणी न विचारता सांगून टाकलं. खिडकीची एक झडप पावसाळ्यात फुगते, तेही सांगितलं. एवढा सच्चा विक्रेता मी तरी बघितला नव्हता.

म्हातारी भिंतीचा आधार घेत न्हाणीघरापाशी आली. तिनं दारालगतचा दांडा धरला.

"हा कुणासाठी?"

"माझ्यासाठी," भाऊ म्हणाले. "कंबर धरते अधूनमधून."

"माझ्या हाताला अगदी बरोबर आला," ती खूश होऊन म्हणाली.

बरोबर येणारच होता. तो दांडा बसवला तेव्हा वहिनींच्या मापाची टेप मीच धरली होती. भाऊंच्या तर तो मांडीशी येतो. मी भाऊंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मुलाला घर आवडलं होतं. त्यानं बायकोला खूण केली आणि भाऊंना विचारलं, "एकच सांगा. आईला जिना जमेल ना?"

भाऊंनी शर्टाची बाही नीट केली.

"सवय होते हो. आठ दिवसांत पाय आपोआप उचलले जातात. माझंच बघा, सत्तरीला आलो, पण बावन्न पायऱ्या एका दमात चढतो."

"नाही होत सवय."

आम्ही सगळेच वळलो. दारात वहिनी उभ्या होत्या. खुर्ची माझ्याच घरात राहिली होती. कठडा जिन्याच्या बाजूला, दोन दारांमधे धरायला काही नाही. ती पाच पावलं त्या कशा आल्या, हे मला आजही कळलेलं नाही. चौकट घट्ट धरलेली, डावा पाय मागे राहिलेला.

"ही माझी बायको," भाऊ कसेबसे म्हणाले.

"मी दीड वर्षात खाली गेले नाही," वहिनी म्हातारीला म्हणाल्या. "आधी माझाही गुडघाच होता. मग रोजचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं महिन्यावर. शेवटी ही बाजू गेली आणि राहूनच गेलं."

"मग दवाखान्यात कशा जाता?"

"चार माणसं उचलून नेतात. म्हणून मी बरं वाटतंय असं सांगते."

म्हातारीनं दांड्यावरचा हात काढून घेतला. सून म्हणाली, "आई, आपण आणखी बघू." जाता जाता म्हातारी वहिनींपाशी थांबली, त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "घर छान ठेवलंय हो तुम्ही." मग कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली. तिचा आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघं तशीच उभी होतो.

मग भाऊ भडकले. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं.

"हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. पाच मिनिटं थांबली असतीस तर झालं असतं. परवा महिनाअखेर आहे, कळतंय का?"

"कळतंय."

"मग? हे सगळं कुणासाठी चाललंय?"

"माझ्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "तिला इथं कोंडून मी खाली अंगणात बसू? मला नाही जमायचं. आणि मला तिकडं लपवू नका पुन्हा. मी या घरात राहत असताना तिनं दांडा 'कुणासाठी' विचारल्यावर तुम्ही 'माझ्यासाठी' म्हणालात, ते मला फार लागलं."

भाऊ खाली बसले. डोळ्यांना रुमाल लावला, मग त्याच रुमालानं उगाचच स्विचबोर्ड पुसला. मला तिथं उभं राहणं जड झालं, पण निघताही येईना. शेवटी मीच जाऊन खुर्ची आणली आणि वहिनींना बसवलं.

थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "पुठ्ठा घ्या दुसरा. लिहा."

भाऊंनी लिहिलं. घर विकणे आहे. तिसरा मजला. लिफ्ट नाही. पायऱ्या बावन्न.

"खाली लिहा, म्हाताऱ्या माणसांना सोयीचे नाही."

"असं लिहिल्यावर कोण येणार?"

"तरणे येतील. उड्या मारत येतील."

वहिनींना थोडं हसू आलं, भाऊंना नाही. पण लिहिलं त्यांनी, ठळक अक्षरात, आणि पुठ्ठा बगलेत मारून खाली गेले. वहिनींनी खुर्ची चौकात घ्यायला लावली. कठड्याशी बसून त्या खालचे आवाज ऐकू लागल्या. फाटकाची कडी वाजली, तार पिळल्याची किरकिर आली. मग पायऱ्यांवर भाऊंची पावलं वाजू लागली.

वहिनींचे ओठ हलत होते. मीही मनात मोजू लागले. पहिल्या मजल्यापर्यंत पावलं नेहमीसारखी आली, पुढं जरा सावकाश. पस्तीस. आणि थांबली.

आम्ही वाट बघितली. खालून भाऊंच्या श्वासाचा आवाज येत होता. ते तोंड दाबून घेत होते, तरी येत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर वहिनींनी माझा हात धरला.

"खुर्ची आत घ्या," त्या कुजबुजल्या. "दार लोटा. चाकं वाजवू नका."

मी त्यांना आत नेलं. माझ्या दाराकडे परतत होते, तेव्हा पावलं पुन्हा सुरू झाली. शेवटच्या वळणापासून ती चांगली झपझप आली. भाऊ शर्ट ठीकठाक करत माझ्यासमोरून गेले आणि दार ढकलत म्हणाले, "आलो गं. लावला पुठ्ठा."

"आज लवकर आलात," आतून वहिनी म्हणाल्या.