मौनीबाबांची बोलकी चित्रं

"ते गाणं आधी काढा," बायको म्हणाली. "त्या बायका बोलतायत आणि मध्येच हे कोण गळा काढतंय?"

फोटोग्राफरचा हात जागीच थांबला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो संगणक मांडून बसला होता, ती मागे येऊन कधी उभी राहिली ते त्याला कळलंच नव्हतं. भिंतीला हात लावून चालायची तिला आता सवय झाली होती.

साप्ताहिकासाठी कामकरी माणसांचे फोटो काढण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. कॅमेरा हातात असला की तोंडातून शब्द निघायचा नाही, म्हणून कचेरीत त्याचं नाव मौनीबाबा पडलं. प्रत्येक फोटो तो आधी बायकोपुढे ठेवायचा. ती कपडे शिवायची. कापड कुठे ठेवायचं आणि कुठे कापायचं हे तिच्या हातात होतं. "हा ठेवा, तो सोडा," एवढंच म्हणायची आणि बहुतेक वेळा तेच बरोबर निघायचं.

मग तिची नजर अधू होत गेली आणि शेवटी दिसेनासंच झालं. डॉक्टरांनी हात टेकले. त्यानंतर त्याने घरात फोटोंचा विषयच काढला नाही. जखमेवर मीठ कशाला, असं त्याला वाटे. तीही विचारत नसे.

आता साप्ताहिक कागदावर निघणं बंद होऊन फक्त इंटरनेटवर येणार होतं. "नुसते फोटो पुरणार नाहीत, काका," तरुण संपादकबाई अवघडून म्हणाल्या होत्या. "माणसं बोलायला हवीत, आवाज हवा. एक करून दाखवा, मग पुढचं बघू." पुढचं म्हणजे त्याची नोकरी, हे न सांगता कळत होतं.

म्हणून तो रुग्णालयाच्या धुलाईघरात गेला. चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोघींचे फोटो काढले, त्यांचं बोलणं टिपलं. पण घरी काही केल्या फोटो आणि आवाजाचा सांधा जुळेना. जिथे उघडं पडल्यासारखं वाटलं, तिथे त्याने गाणं पांघरलं होतं.

"तू ऐकत होतीस?"

"दोन दिवस ऐकतेय. कान शाबूत आहेत माझे." तिने खुर्ची ओढली. "लावा परत."

यंत्रांची घरघर सुरू झाली. चादर झटकल्याचा आवाज आला. "धर नीट, टोक सुटलं," एकजण म्हणाली. "आधी तुझ्या जावयाला धर, तोच सुटलाय," दुसरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

"त्यातली थोरली दमलीये," बायको म्हणाली. "बोलताना तिला श्वास पुरत नाही. तिथे फोटो कुठला आहे?"

तो जरा घुटमळला. "चादर ताणलेली आहे. थोरलीचा चेहरा अर्धा झाकलाय."

"मग तो नको. चेहरा दिसू दे तिचा."

"तसा आहे एक. पण उजेड बरा नाही."

"कुठून येतोय उजेड?"

त्याने सांगितलं. वरच्या खिडकीतून येतो, वाफेत अडकतो, थोरलीच्या कपाळावर तेवढा पोचतो. एकदा सुरुवात झाल्यावर तो थांबेना. ती मध्येच अडवायची, "इथे कात्री लावा," म्हणायची, पुन्हा विचारायची.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हतो," तो अखेर म्हणाला.

"आणि मला वाटलं, आता माझं काय काम, म्हणून दाखवत नाही तुम्ही." ती हसली. "कमाल आहे तुमची."

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. नोकरीचा नव्हे, तो अजून होता.

तोही आठवड्याभरात उतरला. संपादकबाईंनी फोन करून, पुढचं कधी देताय, एवढंच विचारलं. चित्रकथा इंटरनेटवर आली त्या दुपारी धुलाईघरातल्या थोरलीचाही फोन आला. "घरात सगळ्यांनी ऐकलं. जावई रुसलाय, पण मनातून खूश आहे."

मग नवराबायको फोन टेबलावर ठेवून ती चित्रकथा पाहायला बसली. चादरी झटकल्या गेल्या, दोघी हसल्या, यंत्रं एकेक करून थांबली.

"संपलं?" तिने विचारलं.

"आवाज संपला. शेवटचा फोटो आहे अजून."

"मग थांबते," ती म्हणाली आणि चेहरा तसाच फोनकडे ठेवून बसून राहिली.