ऐंशी नंबरचा कागद

त्या काळी मुरुमं आली म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नसे. "वयाचं आहे, जाईल," असं म्हणायचं आणि साबण बदलायचा. लाकडाला पॉलिश करणाऱ्या त्या कारागिराच्या घरीही तेच चाललं होतं. त्याची मुलगी ठमी सोळा वर्षांची. वर्षभर तिच्या गालांवर, हनुवटीवर बोराएवढ्या गाठी येत. ठणकत, पिकत, फुटत आणि मागे खड्डे ठेवून जात. उशीला गाल टेकवायची सोय नव्हती.

"घास! नीट घासत नाहीस म्हणून होतं," बाप ओरडायचा. "घासल्याशिवाय लाकूडसुद्धा गुळगुळीत होत नाही!"

बिचाऱ्याला विद्या येत होती ती एकच. आधी खरखरीत काचकागद मारायचा, मग बारीक, मग पॉलिश.

त्या सकाळी घरापुढच्या पडवीत एका गिऱ्हाइकानं जुनं कपाट आणलं. बापानं कपाटाच्या पायावर हातोडी ठोकली. भसकन पिवळा भुसा सांडला.

"याला भुंगा लागलाय. मी नुसतं वरून घासणार नाही. आधी आत औषध सोडा."

"अहो, ऐंशी नंबरचा खरखरीत कागद तरी मारून बघा."

एवढ्यात ठमी चहा घेऊन आली. बापाला विनोदाची लहर आली. "कागद कशाला? आमच्या लेकीचा गाल फिरवला तरी भागेल!"

दोघंही पोट धरून हसले. ठमीनं हातातला ट्रे फरशीवर आपटला. कपांच्या ठिकऱ्या उडाल्या.

"तोंडानं नाही, तर हातानं तरी बोलते म्हणायचं!" बाप म्हणाला आणि पुन्हा हसला.

थोड्या वेळानं आत आई किंचाळली. न्हाणीघराला आतून कडी होती आणि आतून आवाज येत होता, खर्र, खर्र, खर्र. तो आवाज बापानं जन्मभर ऐकला होता. तो आत धावला.

"ठमे! दार उघड!"

खर्र, खर्र.

त्यानं खांदा मारला. दार हललं नाही. मग त्यानं पहार उचलली आणि घाव घातले. फळी उभी फाटली, कडी उडाली. आत आरशाचे तुकडे पडले होते, आणि ठमी ऐंशी नंबरच्या कागदाची घडी गालावर फिरवत होती. रक्त गळ्यापर्यंत ओघळलं होतं. कोनाड्यात पॉलिशच्या स्पिरिटची बाटली उघडी होती.

बापानं बाटली भिरकावली, कागद हिसकावला आणि घाबरून तिच्या थोबाडीत मारली. पंजा रक्तानं माखला.

"मारा! आणखी मारा!" ठमी ओरडली. "ऐंशी झाला, आता बारीक एकशेवीस द्या! तुम्हीच शिकवलंत ना?"

आवाज ऐकून शेजारच्या खोलीतली बापाची थोरली बहीण धावत आली. तिनं इस्पितळात तीस वर्षं जखमा बांधल्या होत्या. भावाला ढकलून तिनं भाचीचं तोंड हलक्या हातानं स्वच्छ पाण्यानं धुतलं, धुतलेलं फडकं धरलं. मग ती वळली.

"वर्षभर सांगतेय, डॉक्टरला दाखव!"

"अगं अक्का, मुरुमांसाठी डॉक्टर? लोक हसतील. लग्न झालं की जातात आपोआप."

"लोक हसतील? सकाळी पडवीत कोण हसत होतं रे? भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं मला. भुंगा लागलेलं कपाट तू नुसतं घासत नाहीस. आधी आत औषध, म्हणतोस. परक्याच्या कपाटाला एवढी अक्कल, आणि पोटच्या पोरीला ऐंशी नंबर?"

बाप रक्तानं माखलेल्या तळहाताकडे पाहत राहिला. अरे देवा! हे आपण काय केलं!

"अक्का," तो म्हणाला, "कुठं न्यायचं, सांग. आत्ता जाऊ."

कातडीच्या डॉक्टरीणबाई त्याच्यावर चिडल्या नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

"एखाद-दुसरी पुटकुळी आली तर सौम्य साबणानं दिवसातून दोनदा धुणं पुरतं," त्या म्हणाल्या. "दोन-तीन महिने साधं औषध लावूनही फरक पडला नाही तर यायचं. पण गाठी खोल असतील, दुखत असतील, खड्डे पडत असतील, किंवा पोर आरशाला घाबरू लागली असेल, तर एक दिवसही थांबायचं नाही. हा आजार घाणीनं होत नाही. वर्षापूर्वी आला असता तर यातले निम्मे खड्डे पडले नसते."

औषधं काही महिने चालली. गाठी बसल्या. खड्डे मात्र पुष्कळसे राहिले, आणि डाव्या गालावर घासल्याचा पट्टाही राहिला. ठमी बापाशी पंधरा दिवस बोलली नाही. मग एकदा पडवीत येऊन तिनं विचारलं, "बाबा, न्हाणीघराच्या दाराची भेग कधी बुजवणार? पुट्टी भरा, पॉलिश मारा. तुम्हाला काय जड आहे?"

"ती तशीच राहू दे, पोरी," बाप म्हणाला. "रोज सकाळी बघतो मी तिच्याकडे."

ती भेग त्यानं मरेपर्यंत बुजवली नाही. पडवीत कोणी मुरुमं आलेलं पोर दिसलं की हातातलं काम टाकून तो त्याच्या आईबापांना गाठायचा. "हसू नका, घासू नका, फोडू नका. दुखतंय का, विचारा. आणि दुखत असेल तर डॉक्टरकडे न्या!"

आपल्या घरातही एखादं पोर आज आरशासमोर उभं असेल. त्याचं दार फोडायची वेळ येण्याआधी त्यावर टकटक करू या. तोंडावरचा आजार हा आजारच असतो. त्याला थट्टेची नाही, औषधाची गरज असते.