दूध बाधलं

अंजनाचं पहिलं बाळ गेलं ते सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात. शिनोलीत ती घरीच बाळंत झाली होती. मुलगा होता, अंगानं भरलेला, रडणंही खणखणीत. सासू सारजाबाईनं गोवरीची राख चाळून, खोबरेल तेलात कालवून त्याच्या नाळेला लावली. स्वतःच्या पोरांना तिनं हेच केलं होतं, आणि आळीतल्या बाळंतिणीही त्यासाठी तिलाच बोलावीत.

आठवडा उलटायच्या आत बाळानं दूध ओढणं सोडलं. बेंबीभोवती लाल झालं, वास यायला लागला, पोट फुगलं. ओली बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नसते म्हणून अंजनाला मागं ठेवलं. नवरा अमृत आणि सासरे भगवंत बाळाला घोडेगावला आणि तिथून पुण्याला घेऊन गेले. परत आले ते दोघंच.

"काय झालं व्हतं त्याला?" तिनं विचारलं.

अमृत भिंतीकडं बघत म्हणाला, "डॉक्टरला बी नीट कळलं न्हाई."

कारण सारजाबाईनं शोधलं. "हिचं दूध बाधलं. दिस भरत आल्यावर काकड्या खात व्हती, मी बघितलंय." आळीला ते पटलं. अंजनालाही पटलं. छाती दुधानं ठणकायची तेव्हा ती गोठ्यामागं जाऊन पिळून टाकायची आणि त्यावर माती लोटायची, कुत्र्यानं चाटू नये म्हणून.

शेजारच्या झुंबरबाईला नात झाली, तिच्या मुलाची, भिकाची पहिली मुलगी. अंजना बघायला गेली, तर तिचा हात पुढं झाल्याबरोबर झुंबरबाईनं पोर पदराआड घेतलं. "तू लांबनंच बघ गं, बाई." काही दिवसांत ती मुलगीही गेली. तशीच, पोट फुगून. अंजनाची नजर लागली, असं लोक उघड बोलू लागले. अमृतनं ते पारावर ऐकलं, आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवला.

दुसऱ्या खेपेला अंजना घोडेगावच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. नर्सनं सांगितलं होतं, नाळेला काही लावू नका, कोरडी राहू द्या, हात धुतल्याशिवाय बाळाला शिवू नका. घरी आल्यावर अंजनानं ते सासूला सांगितलं.

"दवाखान्यातल्या पोरींनी किती बाळं वाढवली?" म्हणत सारजाबाई राखेची वाटी घेऊन खाली बसली. अंजना बाळाला छातीशी धरून भिंतीला सरकली. तेवढ्यात अमृतनं येऊन आईचं मनगट पकडलं.

"आई, नगं. मागल्या बारीला त्यानंच झालं व्हतं."

"कशानं?"

"ह्या राखंनं. बेंबीतनं जंतू रक्तात गेलं. पुण्याचा डॉक्टर बोलला व्हता मला. आबा औषधाच्या रांगेत व्हते तवा."

 अंजनाच्या छातीशी बाळ चुळबुळत होतं.

"तवाच बोलला व्हता?" अंजनानं विचारलं.

"आईला काय वाटंल म्हणून…"

"आनि मला काय वाटत आसंल, ते?"

 सारजाबाई वाटीकडं बघत होती. ती म्हणाली, "आरं, भिकाच्या लेकीला मीच लावली रे. तुला ठावं आसून तू मला त्यांच्या घरी जाऊ दिलंस?"

ती उठली आणि तशीच अनवाणी झुंबरबाईकडं निघाली. "आता कशाला उकरती?" म्हणत अमृत दारात आडवा झाला. तिनं त्याला ढकललं. पलीकडून आधी काहीच ऐकू आलं नाही, मग झुंबरबाईची किंकाळी आली. त्या दिवसापासून त्या घरानं यांच्या घराशी बोलणं टाकलं. सारजाबाईला पुन्हा कुठल्याच बाळंतिणीनं बोलावलं नाही.

मुलीची नाळ कोरडी पडून गळून गेली. पोर अंगावर पीत होती, वजन धरत होती. बारसं उरकलं, संस्कृती नाव ठेवलं आणि अंजना तिला घेऊन आळे गावाला माहेरी गेली.

अमृत न्यायला आला तेव्हा तिचे वडील ओट्यावर होते. आपल्या लेकीचं दूध वाईट, हे त्यांनीही इतके दिवस मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. अंजना दाराशी उभी राहून म्हणाली, "माझ्या बापाला सांगा. तुमच्या तोंडानं. मग मी येते."

अमृतनं चहा घेतला. कांद्याचं बोलला, पावसाचं बोलला. वडिलांनी दोनदा विचारलं, "पावणं, काय सांगायचं व्हतं?"

"काय न्हाई," तो म्हणाला, "अशीच खुशाली."

मग उठून, चपला घालून तो आळेफाट्याकडं चालू लागला. अंजनानं त्याला हाक मारली नाही. तिनं आत येऊन मुलीला अंगावर घेतलं, आणि पहिल्या बाळाचं काय झालं होतं ते बापाला स्वतःच सांगायला सुरुवात केली. ऐकता ऐकता ते म्हणाले, "न्हाई पोरी, जावई तसं काय बोलले न्हाईत."